‘मॅडम, साइटवर कशाला? ऑफिसात बसा ना’

ओसरी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज धागा काढायची वेळ आली.

माझी भाची सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्गात दुसरी. गेल्या आठवड्यात एका मोठ्या बांधकाम कंपनीची मुलाखत झाली. विषयातले प्रश्न संपले आणि समोरच्या चौघांपैकी एकानं विचारलं, "रात्रीचं काँक्रीटिंग असतं, पहाटेचे दोन-तीन वाजतात. घरचे पाठवतील?" ही म्हणाली, पाठवतील. मग दुसऱ्यानं विचारलं, "लग्नाचं काही बघताहेत का?" तिच्या आधी आणि नंतर आत गेलेल्या मुलांना यातलं काहीच विचारलेलं नाही, तिनं बाहेर येऊन एकेकाला विचारून घेतलं. निवड झाली आहे. पण अर्जात तिनं साइट लिहिलं होतं आणि मिळालंय बिलिंग, म्हणजे ऑफिसात बसून झालेल्या कामाची मोजमापं आणि बिलं तपासायची. तिच्यापेक्षा कमी गुणांच्या तीन मुलांना साइट. कारण तोंडी सांगितलं, "तुमच्या सोयीसाठीच."

माझी बहीण खूश आहे. डोंबिवलीहून रोज जायचं, उन्हातान्हात वणवण नको, ऑफिस बरं. भाची मात्र दोन दिवस नीट जेवलेली नाही. मला म्हणाली, "मावशी, ते वाईट बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. इतकं गोड बोलले की मलाच थँक्यू म्हणावं लागलं."

त्या वाक्यापाशी मी अडकलेय. इथं इंजिनिअरिंगमध्ये आणि विज्ञानात काम करणाऱ्या बऱ्याच जणी आहेत, जणही आहेत. तुम्हाला कुणी असं काळजीनं बाजूला सारलंय का? आणि तिनं काय करावं? शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

मीठभाकर
वाचतेय. आमच्या घरातही हाच विषय चालू आहे, फक्त शाखा मेकॅनिकल.

सळईवाली
ओसरीताई, मी १९ वर्षं साइटवर आहे. पहिली साइट वडाळ्याला. पहिल्या दिवशी सेफ्टी शूज मागितले तर स्टोअरमध्ये सगळ्यात लहान नंबर ७. माझा ४. दोन मोजे चढवून, पुढे कापूस कोंबून तीन महिने काढले. शिडी चढताना बूट निघून खाली पडायचा. बायकांसाठी संडास नव्हता. जो होता तो कंटेनरच्या मागे, आतून कडी नसलेला. सकाळी घरून निघताना अर्धा कप चहा घ्यायचे आणि संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही. मे महिन्यात. दोनदा लघवीचा संसर्ग झाला, तापानं फणफणले, आणि ऑफिसात बोललं काय गेलं? "हिला ऊन सोसत नाही, साइट झेपत नाही."

आता दुसरी गोष्ट. राफ्टचं, म्हणजे पायाच्या जाड स्लॅबचं काँक्रीट, रात्री अकराला सुरू. तिसरी गाडी आली. माल १२० ते १५० मिलिमीटर स्लम्पचा मागवलेला (साचा उचलल्यावर ओलं काँक्रीट जेवढं खाली बसतं, तो स्लम्प). कोन, म्हणजे तो शंकूसारखा साचा, थराथरानं भरला, प्रत्येक थराला सळईचे २५ ठोके, आणि कोन वर उचलला तर ढीग उभाच राहिला नाही. पत्र्यावर आमटीसारखं पसरलं. वाटेत कुणीतरी पाणी मारलं होतं. मी गाडी परत पाठवली. माल पुरवणाऱ्याचा फोन आमच्या साहेबांना, साहेबांचा मला: "जाऊ द्या हो मॅडम. रात्र झालीय, तुम्ही घरी जा, गाडी देतो." त्या वाक्यात माझी काळजी किती होती आणि मला तिथून हलवायची घाई किती, हे मला आजही वेगळं करता येत नाही. मी हलले नाही. पुढची गाडी आली, स्लम्प १४०. पहाटे साडेचारला मुकादम स्वतः माझ्यासाठी चहा घेऊन आला. तो मुकादम पुढच्या चार साइट्सवर माझ्याबरोबर होता.

माझं मत विचाराल तर साइट मागावी. हक्कानं.

निवांत
मी एका कंपनीत प्रकल्प सांभाळतो. म्हणजे भाचीसमोर बसलेल्या चौघांच्या खुर्चीत मी असतो. तेव्हा ही बाजूही ऐका. पहाटे तीनला मुलगी साइटवरून निघाली आणि रस्त्यात काही झालं, तर पोलीस मला बोलावणार. तिच्या आईला फोन मी करायचा. याला भेदभाव म्हणू नका, ही जबाबदारी आहे. मुलींना काम येत नाही असं माझ्या मनात कधीही आलेलं नाही, उलट त्या जास्त नीटनेटक्या असतात.

कुर्लेकरीण
निवांत, रागावून लिहीत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही.

माझी आई १९७२ च्या दुष्काळात सोलापूरकडून मुंबईत आली आणि बिगारी म्हणून बांधकामावर लागली. स्लॅबच्या दिवशी पहाटेपासून रात्रीपर्यंत डोक्यावर घमेलं. आम्ही साइटवरच पत्र्यात राहायचो. परांचीच्या बांबूला साडीची झोळी बांधून मला त्यात टाकलेलं असायचं. माझ्या आईला कुठल्याही साहेबानं कधी विचारलं नाही की घरचे पाठवतील का. रात्री स्लॅब संपला की ती घरी कशी जाते, हेही नाही. आजही मुंबईतल्या कुठल्याही टॉवरखाली जाऊन बघा, बायका घमेली उचलताना दिसतील.

मग साइट बाईमाणसाची जागा नाही, हे नेमकं कधी ठरतं? तिच्या डोक्यावर घमेलं असेल तर ठरत नाही. हातात ड्रॉइंग आलं की ठरतं.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्येच कायदा झाला. पन्नासहून जास्त बायका कामाला असतील तर मुलांसाठी खोली करायची, संडास-मुतारी तर पुरवायचीच, असं त्यात होतं. ते करताना ही काळजी दिसली तर मी मान्य करीन. मी स्वतः डिप्लोमा करून आज इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. आई अजून माझ्या वर्गाच्या फोटोला हात लावून बघते.

मीठभाकर
कुर्लेकरीण, तुमच्या आईंना नमस्कार.

परवानगी
ड्रॉइंग हातात आलं की ठरतं, हे तंतोतंत. कायद्यातसुद्धा हीच काळजी भरलेली होती. १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम ६६ बघा, बायकांनी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढंच काम करायचं, असं त्यात होतं. १९५२ च्या खाण कायद्यानं जमिनीखाली जायलाच बंदी. खाणशास्त्र शिकलेल्या मुलींनी करायचं काय? जमिनीखालची तांत्रिक आणि देखरेखीची कामं त्यांना खुली व्हायला २०१९ उजाडलं. माझ्या बहिणीचं उमेदीचं वय त्यात गेलं, ती आता बँकेत आहे.

आकडेमोड
निवांत म्हणतात त्यांच्या मनात काही नाही. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. अडचण हीच आहे की मनात काही नसतानाही हे होतं.

२०१२ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकच अर्ज विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना पाठवला. अर्ध्यांच्या हातातल्या अर्जावर नाव जॉन, अर्ध्यांच्या हातातल्या अर्जावर जेनिफर. बाकी शब्द न् शब्द तोच. जॉन जास्त कुशल ठरला, नेमण्याजोगा ठरला, आणि त्याला देऊ केलेला सरासरी वार्षिक पगार ३०,२३८ डॉलर, तर जेनिफरला २६,५०८. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्त्री प्राध्यापकांनीही तेवढाच फरक केला. म्हणजे हा पुरुष विरुद्ध बाई असा सामना नाही. ही आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांना लागलेली सवय आहे.

बेन बॅरेस नावाचे स्टॅनफर्डचे मेंदूशास्त्रज्ञ होते. ते आधी बाई म्हणून जगले, १९९७ मध्ये पुरुष झाले. त्यांच्या एका व्याख्यानानंतर कुणीतरी म्हणालं, यांचं काम यांच्या बहिणीपेक्षा फार सरस आहे. ती बहीण म्हणजे ते स्वतःच, जुन्या नावानं. त्यांनी २००६ मध्ये हे छापून सांगितलं. मेंदू तोच, काम तेच.

आठ_बाराची_लोकल
बापरे, बहिणीची गोष्ट वाचून अंगावर काटा आला.

आमच्या रेल्वेतलं सांगतो. सुरेखा यादव, साताऱ्याकडच्या, कराडच्या पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा. १९८०च्या दशकात रेल्वेत सहायक चालक झाल्या, आशियातल्या पहिल्या महिला चालक. २०११ च्या महिला दिनी त्यांनी डेक्कन क्वीन घाट उतरवून मुंबईला आणली आणि मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून वंदे भारत सीएसएमटीला आणली. आता हसा: एकदा डब्यात एक आजोबा म्हणाले, "बाई गाडी चालवतेय म्हणे, म्हणून हळू चाललीय." समोरच्या कोळीणबाई टोपली सावरत म्हणाल्या, "आज्या, शिग्नल लाल हाय. तो बाप्याचा हाय का बाईचा, ते इचारून ये." अख्खा डबा हसला.

सूक्ष्मजीव
लोकल 😄

मी जीवरसायनशास्त्रात आहे, म्हणून विज्ञानाकडून लिहिते. आमच्याकडे ऊन नाही, रात्रीचं काँक्रीट नाही, पण तीच गोड भाषा आहे.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. त्या मूळच्या भागवत, दुर्गाबाईंची बहीण. मुंबई विद्यापीठात गुणवत्तेत वर येऊन १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला, आणि तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. त्यांनी तिथं ठाण मांडलं, सत्याग्रहाची भाषा केली, तेव्हा प्रवेश मिळाला तो एक वर्षाच्या चाचणीवर. अट अशी की त्यांच्यामुळे पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. थांबून बघा जरा. लक्ष दुसऱ्याचं जाणार आणि चाचणी हिची. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट, वनस्पतींच्या पेशींतलं सायटोक्रोम सी हे प्रथिन, मग आपल्या मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूटमध्ये नीरेवर, म्हणजे ताडामाडाच्या गोड रसावर काम, कुपोषित मुलांसाठी. पण मला आठवतं ते चाचणीचं वर्ष. कारण ते माझंही झालंय.

बाळंतपणानंतर एका संस्थेत मुलाखतीला गेले. चांगले, सज्जन ज्येष्ठ प्राध्यापक. म्हणाले, "बाळ लहान आहे, सहा महिने बिनपगारी येऊन बघा, झेपलं तर बघू." पेशी वाढवायच्या तर दर दोन-तीन दिवसांनी माध्यम, म्हणजे त्यांचं पोषक द्रावण, बदलावं लागतं, शनिवार-रविवार नाही. मी रविवारी बाळाला सासूबाईंकडे ठेवून सीएसएमटीहून जायचे, पेट्या उघडायचे, गुलाबी द्रावण बदलायचे, परत यायचे. दूध भरून यायचं, ओढणी भिजायची. माझ्याबरोबर लागलेल्या मुलालाही त्याच वर्षी मूल झालं. त्याला पहिल्या महिन्यापासून छात्रवृत्ती होती आणि प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले.

खंड पडलेल्यांसाठी तेव्हा सरकारची महिला शास्त्रज्ञ योजना होती, २७ ते ५७ वयापर्यंत. त्या योजनेनं मला परत आणलं. कुणाला माहिती हवी असेल तर विचारा.

माटुंगा_मेल
मुंबईचीच आणखी दोन नावं या धाग्यात हवीत.

शकुंतला भगत. १९५३ मध्ये माटुंग्याच्या व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजातून सिव्हिलची पदवी, देशातल्या पहिल्या महिला सिव्हिल इंजिनिअर म्हणून त्यांचं नाव घेतात. १९७० मध्ये पतीबरोबर क्वाड्रिकॉन ही कंपनी काढली. सुटे पोलादी भाग, घाटातून ट्रकनं नेता येतील एवढे, जाग्यावर जोडून पूल उभा करायचा. पहिला पूल १९७२ मध्ये, हिमाचलात स्पितीला. त्या व्हीजेटीआयच्या दारावरून मी रोज जातो आणि त्यांचं नाव मला वयाच्या पन्नाशीत कळलं.

दुसऱ्या बिभा चौधुरी. होमी भाभांनी १९४९ मध्ये टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) घेतलेल्या पहिल्या महिला संशोधक. त्याआधी भौतिकशास्त्रज्ञ देबेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर दार्जिलिंगला डोंगरावर फोटोच्या काचा ठेवून वैश्विक किरणांतले (अवकाशातून येणाऱ्या किरणांतले) मेसॉन या सूक्ष्म कणांचे माग शोधले होते. तीच पद्धत चांगल्या काचा वापरून ब्रिटिश शास्त्रज्ञ पॉवेल यांनी पुढे नेली, त्यांना १९५० चं नोबेल. बिभा चौधुरींच्या नावाचा तारा २०१९ मध्ये झाला, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर २८ वर्षांनी.

पवईकर
सगळं पटतंय, पण एक विचारतो. २०१८ पासून आयआयटीत मुलींसाठी वेगळ्या जागा आहेत, राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशात ३० टक्के आहेतच. आता तरी दारं उघडी झाली ना? उलट आमच्या मुलांना वाटतं की अन्याय त्यांच्यावर झाला.

आकडेमोड
आयआयटीतल्या त्या जागा वाढीव आहेत. मुलांची एकही कमी केलेली नाही. १४ टक्क्यांपासून सुरुवात करून २०२० पर्यंत २० टक्के गाठायचे होते. म्हणजे वर्गात पाच जणांत एक. आणि दार कुठलं उघडं ते बघा. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत विज्ञान शाखेत शिकणारे ५७.२ लाख, त्यात २९.८ लाख मुली. निम्म्याहून जास्त. या पुढे कुठे जातात, हे ओसरीताईंनी विचारलंय.

पवईकर
वाढीव असल्याचं खरंच माहीत नव्हतं. मुलाला सांगतो.

मोजमापवही
आता मी थोडं उलट लिहिणार आहे. मी २२ वर्षं बिलिंगमध्ये आहे आणि हा धागा वाचताना मधूनमधून मला लागलं. बिलिंग म्हणजे एसीत बसून टाइमपास नव्हे. किती सळई गेली, किती घनमीटर काँक्रीट झालं, कॉन्ट्रॅक्टरनं काय जास्त दाखवलंय, हे माझ्या वहीत पकडलं जातं. एका तळघराच्या खोदाईत मी आडवे छेद पुन्हा मोजायला लावले आणि बिल निम्म्यावर आलं. माझ्या सहीशिवाय पैसा सुटत नाही. त्यामुळे मुलींना कमी प्रतीचं काम दिलं, असं कृपया कुणी म्हणू नका.

आता माझंच दुसरं टोक. प्रकल्प प्रमुख व्हायची वेळ आली तेव्हा माझी फाइल मागे ठेवली. कारण, "साइटचा अनुभव नाही." जी साइट मला कधी दिलीच नव्हती. माझ्यानंतर लागलेला मुलगा आज माझा साहेब आहे. चांगला मुलगा आहे, मला ताई म्हणतो.

भाचीनं बिलिंग जरूर शिकावं. पण सुरुवातीची दोन-तीन वर्षं साइट नसेल तर ती पुढे कुणी देत नाही.

सळईवाली
मोजमापवहीताई, तुमचं बरोबर आहे. माझ्या लिहिण्यात बिलिंगला कमी लेखल्यासारखं झालं असेल तर मनापासून माफी. माझी बिलं तुमच्यासारख्याच एका ताईंनी तीनदा परत पाठवली आणि तिन्ही वेळा चूक माझी होती.

बाबा_झालोय
सूक्ष्मजीव यांचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, उठून आत गेली. आम्ही दोघंही भौतिकीत. मुलगी चार महिन्यांची असताना मी आठवडाभर परिषदेला गेलो, तिथं एकानंही विचारलं नाही की बाळ कुणाकडे आहे. ती दीड वर्षानं दोन दिवसांसाठी गेली, तर व्यासपीठावर ओळख करून देताना, "लहान मुलीला घरी ठेवून आल्या आहेत." मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या. कौतुक वाटलं होतं मला.

निवांत
दोन दिवस काही लिहिलं नाही, वाचत होतो.

कुर्लेकरीण, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. काल साइटवर गेलो तेव्हा स्लॅबवर नऊ बायका होत्या. मी या साइटवर दोन वर्षं येतोय, पहिल्यांदा मोजल्या. त्यांचा संडास कुठे आहे म्हणून विचारलं तर सुपरवायझर माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

पण माझा मूळ मुद्दा मी सोडलेला नाही. रात्रीची ने-आण, सोबत, हा खर्च आहे आणि कुणाला तरी तो मंजूर करून घ्यावा लागतो. नुसतं साइट द्या म्हणून ती सुरक्षित होत नाही.

सळईवाली
मग मंजूर करून घ्या ना, निवांतदादा. मी तेच म्हणतेय. रात्रपाळीच्या मुलांनाही गाडी लागतेच. गेल्या पावसाळ्यात आमचा एक ज्युनिअर छत्तीस तास जागून मोटारसायकलवरून जाताना पडला, पाय मोडला. त्याची काळजी कुणालाच वाटली नव्हती, कारण तो मुलगा. गाडी दोघांना द्या, संडासाला कडी लावा, ४ नंबरचे बूट ठेवा. महिन्याच्या सिमेंटच्या बिलापुढे हा खर्च दिसणारसुद्धा नाही.

मोजमापवही
दिसणार नाही. मी बिलं बघते, मी सांगते.

निवांत
लिहून घेतलं. सोमवारी मीटिंगमध्ये ठेवतो. बूट माझ्या डोक्यातच आले नव्हते कधी.

ओसरी
गुरुवार रात्र. सगळ्यांचे प्रतिसाद भाचीला आणि बहिणीला वाचून दाखवले, तिघी स्वयंपाकघरातच बसलो होतो. कुर्लेकरीण यांच्या आईंच्या झोळीपाशी बहिणीनं गॅस बंद केला. मग म्हणाली, "मी हिला सांभाळायलाच बघत होते गं." मी म्हटलं, माहीत आहे.

भाचीनं आत्ता मेल पाठवली. मोजमापवही यांचं ऐकून तिनं बिलिंगला नाही म्हटलेलं नाही. लिहिलंय की पहिली दोन वर्षं साइट द्यावी, रात्रपाळीसह, त्यानंतर सहा महिने बिलिंग आनंदानं शिकेन. आणि मुलांच्या यादीतल्या तिघांना जो नियम असेल तोच मला असावा. "सोयीसाठी" हा शब्द मी खोडायला लावला होता, तिनं परत घातला: माझ्या सोयीसाठी साइट द्यावी.

उत्तर अजून आलेलं नाही. येईल तसं कळवते.

सळईवालीताई, तिचाही नंबर ४ आहे. साइट इथं मिळो की दुसरीकडे, बूट आधी घेऊन ठेवायचे म्हणतेय. तुम्ही कुठून घेतले शेवटी?

सळईवाली
नागदेवी स्ट्रीट, मशीद बंदरला उतरून. बाहेर मांडलेले बघू नका, सगळे ७ च्या पुढचे. आत जाऊन ४ नंबर मागायचा, आधी नाही म्हणतात, दुसऱ्यांदा मागितला की माळ्यावर माणूस चढवतात. स्टीलची टोपी आहे ना, बोटं आत हलतात ना, ते बघायचं, आणि चढवून दुकानातल्या जिन्यावरून दोनदा वरखाली करायचं. शनिवारी मी मोकळी आहे. अकराला स्टेशनच्या पुलाखाली भेटू म्हणावं.